शोकेससाठी स्टील वायरचं किट: घ्या, पण आधी छत बघा

फोटो स्टुडिओच्या शोकेसमध्ये सनबोर्डवरचे (हलक्या फोमच्या बोर्डवरचे) फोटो डबल टेपने थेट काचेला लावायची पद्धत अजून सर्रास दिसते. पश्चिमेचं ऊन लागलं की टेप सुटते, बोर्ड वाकतो. काच साधी, म्हणजे टफन न केलेली असेल, तर मागे चिकटवलेल्या गडद फोटोमुळे तेवढाच भाग जास्त तापून ती तडकूही शकते. म्हणून वरून खाली ताणलेल्या वायरींवर क्लिपांनी फोटो धरणारं किट आम्हाला कितीतरी उजवं वाटतं.

किटमध्ये दीड मिमीची स्टील वायर, वरचं आणि खालचं फिटिंग, क्लिपा आणि अ‍ॅलन की असते. वायर स्टेनलेसच घ्या. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ दुकान असेल तर ३१६ ग्रेड (खाऱ्या हवेत कमी गंजणारं स्टेनलेस) विचारा. क्लिपच्या जबड्यात रबर किंवा नायलॉनची चकती आहे ना, हे उघडून पाहा. ती नसेल तर स्क्रू थेट अ‍ॅक्रिलिकवर दाबला जातो आणि कडेला बारीक चिरा पडतात.

क्लिपा बहुधा वेगळ्या विकल्या जातात आणि हिशेब तिथेच चुकतो. ए३ आकाराचे नऊ फोटो, तीन रांगा आणि तीन उभ्या ओळी, असं धरा. वायरी सहा नाही, चारच लागतात, कारण मधली प्रत्येक वायर दोन्ही बाजूंचे फोटो धरते. कडेच्या दोन वायरींना प्रत्येकी सहा एकेरी क्लिपा, मधल्या दोघींना प्रत्येकी सहा दुहेरी. एकूण १२ एकेरी, १२ दुहेरी.

आता छत. ५ मिमी अ‍ॅक्रिलिकच्या ए३ पॅनलचं वजन सुमारे ७४० ग्रॅम, म्हणजे मधल्या एका वायरीवर जेमतेम सव्वादोन किलो. एवढं तर पीओपीही पेलेल, असा समज होतो. पण छताला खरी ओढ बसते ती वायर ताणल्याची. पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगमध्ये गिट्टी (स्क्रूसाठीचा प्लग) ठोकून फिटिंग लावलं की ते हळूहळू खाली सरकतं, वायर सैल पडते आणि फोटो तिरके होतात. स्लॅबपर्यंत जा, नाहीतर सीलिंगच्या वर आडवी लाकडी पट्टी किंवा लोखंडी चॅनल टाकून त्यात स्क्रू घ्या. तेही जमत नसेल तर हे किट घेऊच नका.

खालचं भोक टेपने मोजून पाडू नका. वरच्या फिटिंगमधून ओळंबा सोडा आणि जिथे टोक येईल तिथे खूण करा. टाइलवर चिकटपट्टी लावून, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून सुरुवात करा. टाइल पार झाली की मग हॅमर. वायर कापायच्या जागी आधी टेप गुंडाळा, नाहीतर तार पिंजते आणि फिटिंगच्या भोकात जात नाही. वायरींमधलं अंतर फोटोच्या रुंदीइतकं नसतं, त्यात क्लिपची जाडीही येते. एक पॅनल दोन क्लिपांसकट जमिनीवर मांडून मोजा, तोच आकडा खरा.

क्लिपा वरून खाली लावत या. सगळं बसल्यावरच शेवटचा ताण द्या. रोलिंग शटरच्या रोजच्या हादऱ्याने बारीक स्क्रू ढिले होतात, तेव्हा पहिल्या आठवड्यानंतर सगळे एकदा आवळून घ्या.

मधल्या रांगेचा मध्य फुटपाथपासून १४५ ते १५० सेंमीवर हवा. दुकानाचं जोतं दोन पायऱ्या उंच असेल तर आतून मोजलेली उंची रस्त्यावरून बघणाऱ्याच्या डोक्यावरून जाते.

पॅनलसाठी ऊन येणाऱ्या काचेमागे ५ मिमी सनबोर्ड टाळा, ३ मिमी एसीपी (दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेला बोर्ड) सपाट राहतं. प्रिंट मॅट लॅमिनेशनचीच घ्या: काच स्वतःच सुमारे ८ टक्के प्रकाश परत फेकते, त्यात ग्लॉसीची चमक मिळाली की नवरीच्या चेहऱ्याऐवजी समोरची रिक्षा दिसते. दिवे फोटोंच्या पुढे, वरून साधारण ३० अंशांत, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वरचे. फोटो आणि काच यांच्यात किमान १० सेंमी मोकळे सोडा. पुसायला हात जातो आणि हवाही खेळते.

लग्नसराईला, दिवाळीला फोटो बदलायचे तर चार स्क्रू सैल केले की पॅनल हातात येतं. सारखेच बदलणार असाल तर मात्र छापील एसीपीपेक्षा अ‍ॅक्रिलिकचे पॉकेट घ्या, म्हणजे नुसता कागद बदलतो, क्लिपांना हातही लावावा लागत नाही.