ठाण्यातील एक परदेशी शिक्षण सल्ला केंद्र: कागदपत्रांत चोख, विद्यापीठांच्या ओळखीत कच्चे

आमच्या मुलीला बारावीनंतर हवामानशास्त्रातच पदवी घ्यायची होती, आणि हा विषय पदवीच्या पातळीवर आपल्याकडे सहजासहजी मिळत नसल्याने आम्ही ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडील एका परदेशी शिक्षण सल्ला केंद्राचे शुल्क भरले. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेली उणीव त्या एकाच केंद्राची असेल असे मला वाटत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती, बँकेचे दाखले, अमेरिकी विद्यापीठाकडून आय-ट्वेंटी (व्हिसासाठी लागणारे प्रवेशाचे प्रमाणपत्र) आल्यानंतर भरायचे सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर, बीकेसीतील व्हिसा मुलाखतीची दोनदा करून घेतलेली तालीम, यांपैकी एकही काम आम्हाला पुन्हा करावे लागले नाही.

अडचण आली ती विद्यापीठ निवडताना. त्यांच्या यादीत सगळी मोठमोठी सरकारी विद्यापीठे होती आणि बहुतेकांपुढे ‘कॉम्प्युटर सायन्स’ लिहिलेले होते. मुलीने स्वतः शोधलेले अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील वॅल्परायझो विद्यापीठ आम्ही पुढे केले, तेव्हा सल्लागार मॅडम म्हणाल्या, “सर, ते चर्चचं आहे आणि अगदीच छोटं आहे, त्यात पडू नका.” विद्यार्थ्याने प्रवेश घेतला की काही विद्यापीठे अशा केंद्रांना दलाली देतात, ही माहिती आम्हाला पुढे दुसऱ्या एका पालकाकडून मिळाली, केंद्राने ती आपणहून द्यायला हवी होती.

‘चर्चचं’ या एका शब्दात त्यांनी जे गुंडाळून ठेवले, ते सविस्तर सांगण्यासारखे होते. १८५९ मध्ये मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींनी सुरू केलेली ही संस्था १८७१ मध्ये बंद पडली, १८७३ मध्ये पुन्हा उघडली आणि १९२५ मध्ये लुथरन, म्हणजे धर्मसुधारक मार्टिन लुथर यांच्या पंथाच्या, लोकांच्या एका संघटनेने ती विकत घेतली. म्हणजे ती लुथरन परंपरेची असली तरी कोणत्याही चर्चच्या मालकीची नाही. मार्टिन लुथर हे स्वतः विटेनबर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते, त्यामुळे अध्यापन आणि वादविवाद या गोष्टी त्या परंपरेच्या मुळाशीच आहेत. अनेक लुथरन महाविद्यालयांत सकाळच्या तासांच्या मध्ये प्रार्थनेसाठी थोडा वेळ मोकळा ठेवण्याची पद्धत असते; ज्याला जायचे तो जातो, उरलेले चहा-कॉफी घेतात. मुंबईतल्या मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले विल्सन आणि झेवियर्समध्ये शिकत आली, तरी ‘मिशनऱ्यांचे कॉलेज’ म्हटल्यावर आमच्या आत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्याच. सल्लागाराचे काम त्या आठ्या घालवण्याचे होते, वाढवण्याचे नव्हे.

छोटेपणाचेही तसेच. तिथे सगळे मिळून अडीच-तीन हजार विद्यार्थी आहेत, ठाण्यातल्या एखाद्या महाविद्यालयात याहून अधिक असतील. पण त्यामुळेच वर्ग लहान राहतात आणि पहिल्या वर्षापासून खुद्द प्राध्यापकच शिकवतात. हवामानशास्त्र विभागाचे स्वतःचे डॉप्लर रडार (पाऊस आणि वादळांची हालचाल टिपणारे यंत्र) विद्यापीठाच्या आवारातच आहे, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना गाड्यांतून अमेरिकेच्या मध्य भागातील मैदानांत वादळांच्या मागावर नेणारा एक अभ्यासक्रमही आहे. २६ जुलैच्या पावसाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलीला याहून अधिक काय हवे होते?

मला स्वतःला सर्वांत भावली ती तिथली सचोटीची प्रतिज्ञा. प्रत्येक परीक्षेच्या आणि लेखी कामाच्या कागदावर विद्यार्थी लिहून सही करतो की, मी अनधिकृत मदत दिली नाही, घेतली नाही आणि दुसऱ्याने घेतलेली खपवूनही घेतली नाही. पहिले दोन भाग आपल्याकडचा कोणताही मुलगा सहज मान्य करील. तिसऱ्यापाशी मात्र तो अडखळेल, कारण शेजारच्या बाकावरील मित्राची कॉपी पाहून गप्प बसणे हा आपल्याकडे दोष नव्हे, मैत्रीचा धर्म मानला जातो. मुलगी पहिल्या सत्रात याच कलमाविषयी फोनवर तासभर बोलली होती.

तेथे १९६७ पासून ख्राइस्ट कॉलेज नावाचे ऑनर्स महाविद्यालयही (निवडक हुशार विद्यार्थ्यांसाठीचे) आहे, ज्याच्या पहिल्या वर्षाची मुले पहिल्याच सत्रात स्वतः लिहिलेले संगीत नाटक बसवून सादर करतात. गडकरी रंगायतनचा प्रयोग सहसा न चुकवणाऱ्या माझ्या वडिलांचा विरोध मावळला तो ही गोष्ट कानावर पडल्यावर, रडारमुळे नव्हे.

सल्लागाराने उलट बाजूही सांगायला हवी होती, आणि तीही आम्हालाच शोधावी लागली. गाव छोटे आहे. शिकागो साधारण ऐंशी किलोमीटरवर असले तरी दर चार मिनिटांनी लोकल पाहण्याची सवय असलेल्या ठाणेकराला तिथली बस आणि दूरच्या स्थानकावरची गाडी म्हणजे जवळजवळ वाहन नसल्यासारखेच वाटते. मिशिगन सरोवरावरून येणारे वारे हिवाळ्यात भरपूर बर्फ आणतात. अमेरिकेतील छोट्या खासगी विद्यापीठांवर पैशांचा ताण आहे आणि हेही त्याला अपवाद नाही: त्याचे विधी महाविद्यालय २०२० मध्ये बंद झाले, आणि वसतिगृहांच्या नूतनीकरणासाठी संग्रहालयातील तीन मौल्यवान चित्रे विकण्याच्या निर्णयावरून २०२३ मध्ये मोठा वाद झाला. चार वर्षांचे शुल्क भरणाऱ्या पालकाने हे सगळे आधीच वाचलेले बरे.

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन मी पुन्हा त्याच केंद्रात गेलो, तेव्हा शुल्क फक्त अर्जाच्या आणि व्हिसाच्या कामाचे भरले. विद्यापीठांची यादी आम्ही घरूनच करून नेली होती, आणि मॅडमनी ती एक शब्दही न बोलता फाइलला लावली.