अंगठा त्याने आधीच दाखवला होता

आधी आकडा लिहून टाकतो, म्हणजे पुढे लपवायला काही उरणार नाही. बेसबॉलपटूंच्या तीन खोट्या कार्डांपायी गेलेले २,१४३ डॉलर. मिकी मँटल १,४००, जॅकी रॉबिन्सन ३८५, रॉबर्टो क्लेमेंटे ३४०, वर कुरियरचे १८. रुपयांत पावणेदोन लाखांच्या वर जातात. आणि मी पेशाने ऑडिटर. वीस वर्षं दुसऱ्यांची व्हाउचरं तपासून पगार घेतोय. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, आमच्या घरात हसून झालंय.

मराठी माणूस आणि बेसबॉलची कार्डं, हे काय प्रकरण, असं वाटेल. १९८५ साली बाबांच्या नोकरीपायी आम्ही न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आलो तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. इंग्रजी धड येत नव्हतं. पुढच्याच वर्षी तिथल्या मेट्स संघाने वर्ल्ड सिरीज ही बेसबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली आणि शाळेत कार्डांच्या अदलाबदलीतून मला पहिले मित्र मिळाले. पुण्यातला चुलतभाऊ बिग फनच्या पाकिटातली क्रिकेटची चित्रं जमवायचा, मी टॉप्स कंपनीच्या कार्डांची पाकिटं फोडायचो. १९८७ ची ती लाकडी चौकटीसारखी किनार असलेली कार्डं, आत कडक च्युइंगगम. आई विचारायची, "हे पत्ते कुठल्या डावाचे रे?" कॉलेजात गेल्यावर सगळं खोक्यात गेलं. त्या काळात कंपन्यांनी कार्डं इतकी छापली की १९८७ चा ७९२ कार्डांचा अख्खा सेट आज हॉटेलातल्या एका जेवणाच्या पैशात मिळतो.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये खोकं पुन्हा उघडलं. नुसतं उघडून थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. या वेळी ठरवलं की जुनं आणि ग्रेडेडच घ्यायचं (म्हणजे ग्रेडिंग कंपनीने तपासून, दहापैकी ग्रेड देऊन, लेबलसह प्लास्टिकच्या केसमध्ये बंद केलेलं), आणि सेट पुरा करायचा. १९५६ चा टॉप्स. ३४० कार्डं. आडवी, नंतरच्या कार्डांपेक्षा आकाराने थोराड, डावीउजवीकडे खेळाडूचा मोठा चेहरा आणि मागे त्याचं खेळतानाचं छोटं चित्र. मँटलच्या कार्डावर तो कठड्यापाशी उडी मारून प्रेक्षकांत हात घालतोय. हँक अॅरनच्या कार्डावरचं छोटं चित्र तर चक्क दुसऱ्याच खेळाडूचं, विली मेजचं आहे. अशा गोष्टींसाठी माणूस या सेटच्या प्रेमात पडतो. पाच-सहा ग्रेडची कार्डं परवडतात, म्हणून तीच धरली. ऑक्टोबर २०२३ पर्यंत २११ झाली होती.

ऑनलाइन फसवणूक कशी चालते ते तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे लांबण लावत नाही. संग्राहकांच्या एका गटात हा माणूस भेटला. वय एकाहत्तर, निवृत्त, दुसऱ्या राज्यातला. बायकोच्या उपचारांसाठी चाळीस वर्षांचा संग्रह काढतोय. आधी त्याच्याकडून ५७ डॉलरची तीन साधी कार्डं घेतली. चार दिवसांत आली, अस्सल, पुठ्ठ्यात गुंडाळून, आत चिठ्ठी: 'सेट पुरा होवो.' या ५७ डॉलरला मी आता गळाला लावलेलं गांडूळ म्हणतो. तेव्हा मी ती चिठ्ठी फ्रिजवर लावली होती.

मग मँटल निघाला. सोबत रॉबिन्सन आणि क्लेमेंटे. मँटलचे १,५२५ मागितले, मी घासाघीस करून १,४०० वर आणले. स्वतःवर खूशही झालो. फोटो उत्तम होते. लेबलवरचा सर्टिफिकेट नंबर मी ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला. नाव, क्रमांक १३५, ग्रेड ५, सगळं जुळलं. हे मी केलं होतं, हे कृपया लक्षात घ्या. आंधळेपणाने पैसे पाठवले नाहीत. वर मी आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवून नवा फोटो मागितला. तोही दहा मिनिटांत आला.

त्या फोटोत अंगठा होता.

कार्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर. मँटलवर अंगठा, रॉबिन्सनवर अंगठा, क्लेमेंटेवर अंगठा, तिन्ही वेळा त्याच कोपऱ्यावर. बायको पाठीमागून चहाचा कप ठेवताना सहज म्हणाली, "एकाहत्तर ना रे? काय गुळगुळीत हात आहे म्हाताऱ्याचा." मी म्हटलं, "अगं, इथले लोक क्रीम लावतात." हे मी बोललो. माझ्या तोंडचं वाक्य आहे. त्या अंगठ्यावर एक सुरकुती नव्हती, नखावर मधोमध तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता, आणि कोपरा पुरता झाकला गेला होता. पहिल्या फोटोतल्या मँटलच्या नेमक्या त्याच कोपऱ्यावर बारीक मोड होती. म्हणूनच तर त्याला पाच ग्रेड. पहिले फोटो खऱ्या कार्डाचे, कुठल्या तरी जुन्या विक्रीतून उचललेले. दुसरे त्याच्या हातातल्या मालाचे. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. ऑफिसात मी दोन डॉलरच्या फरकासाठी दोन तास कागद शेजारी ठेवतो.

नाही ठेवले. कारण मला मँटल हवा होता. २११ चे २१४ झालेले डोळ्यांसमोर दिसत होते.

पैसे अॅपवरच्या 'मित्र आणि कुटुंबीय' या पर्यायाने पाठवा, म्हणाला, नाहीतर तीन टक्के फी तुम्हाला भरावी लागेल. म्हणजे ६४ डॉलर. ६४ डॉलर वाचवायला मी २,१४३ घालवले. या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं, हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. अनोळखी माणसाने हा पर्याय मागितला की बोलणं तिथेच तोडा, बायको आजारी असो की स्वतः तो.

पैसे पाठवले तो दिवस १४ ऑक्टोबर. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "सर्वपित्रीला कोण खरेदी करतं?" मी हसलो होतो.

पार्सल गुरुवारी आलं. हे आणखी लागतं. आलंच नसतं तर निदान त्याच दिवशी कळलं असतं. तीन केसेस, लेबलं झकास. मँटलचे कोपरे इतके टोकदार की मला वाटलं, ग्रेड देणाऱ्याने कंजूषपणा केलाय, फेरतपासणीत सहा सहज मिळेल. खोटं कार्ड हातात धरून मी नफ्याचा हिशेब करत होतो. दसऱ्याला ती तिन्ही देवापुढे ठेवली. हे लिहिताना कान गरम होतायत.

५ नोव्हेंबरला एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्ड शो होता. तिथल्या एका जुन्या विक्रेत्याला मोठ्या ऐटीत दाखवायला गेलो. त्याने भिंग काढलंसुद्धा नाही. केसच्या कडेवरून नख फिरवलं, उजेडाकडे तिरकी धरली आणि मला दाखवलं: जोडावर दुधाळ पांढरी रेघ, कुठे जाड कुठे पातळ. हाताने चिकटवलेल्या केसला अशी येते. मग माझ्या समाधानासाठी भिंग दिलं. मँटलची छापील सही ठिपक्याठिपक्यांची होती. जुन्या छपाईत ती काळ्या शाईची सलग रेघ असते. स्कॅन करून छापलं की ठिपके येतात. त्याने तिन्ही केसेस हळूच माझ्याकडे सरकवल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याच्या डोळ्यांत कीव होती, ती मला अजून पचलेली नाही.

ते भिंग ऑनलाइन बारा डॉलरला मिळतं. आधी भिंग घ्या, मग मँटल.

घरी येऊन सर्टिफिकेट नंबर पुन्हा टाकला. या वेळी लॅपटॉपवर. पानाच्या खाली खऱ्या कार्डाचा स्कॅन होता, मोडीसकट. मोबाइलवर तेवढं खाली मी सरकवलंच नव्हतं. नंबर जुळणं म्हणजे काही नाही, नंबर कोणीही छापतो. स्कॅनमधली किनार, डाग, मोड हातातल्या कार्डाशी जुळवून पाहा.

आता मदत करणाऱ्यांची गोष्ट.

इथल्या पोलिसांनी विचारलं, बेसबॉल कार्डं म्हणजे खेळणी का? मग म्हणाले, विकणारा परराज्यातला आहे, तिथे तक्रार करा. तिथल्या पोलिसांना फोन केला तर ते म्हणाले, तुम्ही राहता तिथे तक्रार करा. मी इथे परत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी बँकेकडे बोट दाखवलं. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवलेत, आम्ही काय करणार, अॅपला विचारा. अॅपकडून साडेतीन मिनिटांत उत्तर आलं, म्हणजे कोणी वाचलेलं नसणार: 'आपण आपल्या मित्राशी संपर्क साधावा.' मित्राशी! अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पोर्टलवर तक्रार भरायला मला पावणेदोन तास लागले. स्क्रीनशॉट, तारखा, रकमा, सगळं ऑडिटरच्या शिस्तीत. तक्रार क्रमांक आला. तो क्रमांक ही मला मिळालेली एकूण मदत. टपाल खात्याकडे गेलो, कारण टपालातून फसवणूक हा गंभीर गुन्हा. तर पार्सल खासगी कुरियरने आलेलं. ज्या ग्रेडिंग कंपनीचं लेबल होतं (पीएसए, एसजीसी, बेकेट, यांपैकी कुठली ते सांगत नाही, लेबल तिचं नव्हतंच) तिला लिहिलं. उत्तर: वस्तू पाठवा, आम्ही पाहू. टपालाचे ४१ डॉलर माझे. सहा आठवड्यांनी एका ओळीचं पत्र आलं की ही प्लास्टिकची केस आमची नाही. अहो, तेच तर मी सांगत होतो! एकूण नुकसान २,१८४.

बेसबॉलमध्ये डबल प्ले असतो. शॉर्टस्टॉप नावाचा क्षेत्ररक्षक चेंडू दुसऱ्या बेसवर फेकतो, तिथला खेळाडू पहिल्या बेसवर, आणि धावणारे दोघेही बाद. इथे सात ठिकाणी चेंडू फिरला आणि बाद मी एकटाच झालो. तिकडे तो खुशाल धावतोय.

"पोलिसांच्या मागे लाग, सोडू नकोस" म्हणणाऱ्या मित्रांसाठी एक सांगतो. जगातलं सर्वात प्रसिद्ध कार्ड म्हणजे होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूचं. त्याची एक प्रत म्हणजे १९९१ मध्ये पीएसएने ग्रेड केलेलं पहिलं कार्ड, ग्रेड ८. नवंकोरं दिसावं म्हणून त्याच्या कडा कापल्याची कुजबुज वर्षानुवर्षं चालू होती. कार्डांचे लिलाव करणाऱ्या बिल मास्ट्रोने आपणच कापल्या हे कबूल केलं २०१३ मध्ये. बावीस वर्षं. आणि त्या कार्डाची किंमत लाखो डॉलरमध्ये. माझ्या फायलीवर किती धूळ बसेल याचा हिशेब मी केलाय.

मूर्ख होतो का? थोडा. पण गटात त्याला सत्तावन्न लोकांनी शाबासकी दिली होती, नंतर पाहिलं तर त्यांतले बरेचसे एकाच महिन्यात आलेले. शाबासक्या मोजू नका, त्या कधी आल्या ते बघा. फोटो नको, व्हिडिओ मागा, केस हातात फिरवत, चारही कोपरे मोकळे. तो म्हणाला मला व्हिडिओ जमत नाही, तर म्हणा मलाही पैसे पाठवणं जमत नाही. पार्सल उघडताना स्वतः चित्रण करा. महाग कार्ड शक्यतो समोरासमोर घ्या.

सेट २११ वरच थांबलाय. ३०, ३३ आणि १३५ चे रकाने कोरे.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका गटात सँडी कोफॅक्स विकायला आला, १९५६, क्रमांक ७९. विकणारी एक विधवा आजी, नवऱ्याचा संग्रह. मी फोटो मोठा करून पाहिला. खालचा उजवा कोपरा अंगठ्याखाली, आणि नखावर मधोमध पांढरा ठिपका. गटचालकाला तिथल्या तिथे लिहिलं. त्याने पोस्ट काढली, पण पाच तासांनी. तोवर खाली कोणीतरी लिहून गेला होता: 'आजी, पैसे पाठवले. काळजी घ्या.'