टीसीबीएस अगर: समुद्राकाठच्या लॅबने घ्यावं, पण लहान बाटलीत

पावसाळा लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लॅबमध्ये जुलाबाचे नमुने वाढतात, आणि कॉलरा आहे की नाही हे दुसऱ्याच दिवशी विचारलं जातं. टीसीबीएस अगर, म्हणजे कॉलराचा जंतू आणि त्याचे जातभाई (व्हिब्रिओ गटाचे जीवाणू) वाढवून ओळखण्याचं माध्यम, त्यासाठीच आहे. देशी बनावटीची कोरडी पावडर १०० आणि ५०० ग्रॅमच्या बाटल्यांत मिळते. माध्यम चांगलंच आहे. पण समुद्राकाठी ते वापरताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते: पावडर साठवताना आणि पिवळी कॉलनी (प्लेटवर वाढलेला जीवाणूंचा ठिपका) वाचताना.

साठवणीचं आधी. ही पावडर हवेतलं पाणी भराभर ओढते. जूनमध्ये फोडलेली ५०० ग्रॅमची बाटली नीट बंद केली नाही, तर गणपतीपर्यंत तिचा दगड होतो. गाठी फोडून वापरली तरी वजनात पाणी मोजलं जातं, माध्यम पातळ पडतं आणि जे जीवाणू अडायला हवेत तेच वाढू लागतात. म्हणून १०० ग्रॅमचीच घ्या. तेवढ्यात २० मिलीच्या साधारण ५५ प्लेटी होतात. वजन करून लगेच झाकण घट्ट लावा, बाटली सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा आणि जेल गुलाबी झालं की बदला. स्वस्त पडते म्हणून मोठी बाटली घेणं कोकणात महागात जातं.

बनवायला सोपं आहे. लिटरला ८९ ग्रॅम, म्हणजे २५० मिलीला सव्वाबावीस ग्रॅम. फ्लास्क मात्र ५०० मिलीचा घ्या, कारण उकळताना फेस येऊन उतू जातं. ढवळत उकळी आणा, पावडर पूर्ण विरघळली की उतरवा. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) अजिबात करू नका; जास्त उष्णतेने माध्यम बिघडतं. ५० अंशांपर्यंत निवलं की ओता. प्लेट निळसर हिरवी आणि पारदर्शक दिसायला हवी. पावसाळ्यात झाकणाला आतून पाणी सुटतं, म्हणून झाकण किंचित तिरकं ठेवून ३७ अंशांत अर्धा तास सुकवून घ्या. ओल्या प्लेटवर कॉलन्या एकमेकींत मिसळतात आणि सुटी कॉलनी हाती लागत नाही.

नमुना थेट प्लेटवर लावाच, शिवाय अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्येही (व्हिब्रिओ आधी वाढवून घेणाऱ्या द्रवात) टाका. सहा ते आठ तासांनी नळी न हलवता वरच्या थरातून लूप (तारेचं कडं) भरून दुसऱ्या प्लेटवर ओढा. व्हिब्रिओ पृष्ठभागाशी जमतात. नळी हलवली की तो फायदा गेला. नमुना दुसऱ्या गावाहून येणार असेल तर कॅरी-ब्लेअर या नमुना नेण्याच्या माध्यमात मागवा. बफर्ड ग्लिसरॉल सलाइन हे तसंच दुसरं माध्यम व्हिब्रिओला चालत नाही.

आता वाचन. माध्यमाचा पीएच ८.६ आणि त्यात पित्तक्षार, त्यामुळे ई. कोलायसारखे नेहमीचे जीवाणू बहुतेक अडतात. सुक्रोज (साखर) आंबवणारे व्हिब्रिओ पिवळे, न आंबवणारे हिरवे. कॉलराची कॉलनी १८ ते २४ तासांत २-३ मिमीची, चपटी, पिवळी. मध्ये दाट, कडेला विरळ. पण समुद्राच्या पाण्यात आणि मासळीवर नेहमी सापडणारा अल्जिनोलिटिकस हा दुसरा व्हिब्रिओही पिवळाच येतो. बंदरावरच्या माणसाच्या नमुन्यात पिवळं दिसलं म्हणून लगेच कॉलरा लिहिणं धोक्याचं आहे. हिरव्या कॉलनीकडे दुर्लक्ष करणं त्याहून वाईट. अर्धवट शिजलेल्या तिसऱ्या-कोळंबीतून जुलाब घडवणारा पॅराहीमोलिटिकस हा व्हिब्रिओ हिरवाच असतो. जखमेत शिरणारा व्हल्निफिकस हा व्हिब्रिओही बहुधा हिरवा येतो. शिंगाळ्याचा काटा लागून हात सुजलेला, त्यात यकृताचा आजार, अशा रुग्णाच्या जखमेतून हिरवी कॉलनी आली तर पुढच्या चाचण्यांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. हा संसर्ग तासांत पसरतो.

प्लेट २४ तासांच्या आतच वाचा. नंतर, विशेषतः फ्रिजमध्ये ठेवल्यावर, पिवळं पुन्हा हिरवं दिसू लागतं.

सगळ्यात जास्त चुका ऑक्सिडेजमध्ये (व्हिब्रिओत असणारं हे एन्झाइम तपासणाऱ्या चाचणीत) होतात. पिवळ्या कॉलनीतल्या आम्लामुळे चाचणी खोटी निगेटिव्ह येते आणि खरा व्हिब्रिओ हातचा जातो. आधी न्यूट्रिएंट अगरवर उतरवा आणि दुसऱ्या दिवशी तिथली कॉलनी लाकडी काडीने उचला. निक्रोम या मिश्रधातूच्या लूपने खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. सीरमची चाचणीही (अँटिसीरमने जंतूचा प्रकार ओळखण्याची) त्याच वाढीवरून करा, टीसीबीएसवरून नको.

कॉलरा आणि समुद्री व्हिब्रिओ वेगळे करायला मिठाच्या नळ्या पुरतात: १ टक्का ट्रिप्टोन (जीवाणूंचं खाद्य), मीठ ०, ८ आणि १० टक्के. कॉलरा शून्यात वाढतो, ८ मध्ये नाही. पॅराहीमोलिटिकस शून्यात नाही, ८ मध्ये वाढतो, १० मध्ये नाही. अल्जिनोलिटिकस १० मध्येही वाढतो. इथे तयार न्यूट्रिएंट ब्रॉथ वापरू नका. त्यात आधीच मीठ असतं आणि शून्याची नळी शून्याची राहत नाही. लूपभर गोळा घालू नका, जेमतेम स्पर्श पुरे. नाहीतर मूळचाच गढूळपणा वाढ म्हणून वाचला जातो. शून्यात वाढलेल्या पिवळ्यावर ओ१ आणि ओ१३९ (कॉलराची साथ घडवणारे प्रकार) सीरम लावल्याशिवाय अहवाल सोडू नका.

पावडरच्या लॉटालॉटांत फरक पडतो. नवी बाटली फोडली की कॉलराचा, पॅराहीमोलिटिकसचा आणि ई. कोलायचा कंट्रोल स्ट्रेन (पडताळणीसाठी ठेवलेला ओळखीचा जंतू) एकाच दिवशी लावून पाहा. ई. कोलाय भरघोस वाढला तर ती बाटली रुग्णांच्या नमुन्यांना वापरू नका, पुरवठादाराकडून बदलून घ्या.