चेनचा ताण कुठे धरायचा: एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेट की सरकते ड्रॉपआउट?

29 इंची चाकं, रिजिड (सस्पेन्शन नसलेला) फोर्क आणि एकच गिअर अशी माउंटन बाइक बांधायला घेतली की बहुतेक निर्णय नंतर फिरवता येतात. टायर बदलता येतात, हँडलबार बदलतो, ब्रेक बदलतात. चेन ताणायची सोय मात्र फ्रेमच्या अंगातच असते, आणि फ्रेम घेतली की तो विषय संपतो. म्हणून त्यावर दोन दिवस जास्त विचार केलेला बरा.

मी अडीच वर्षं एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेटची फ्रेम चालवली, म्हणजे क्रँकचा आस ज्यात फिरतो तो भाग (बॉटम ब्रॅकेट) सरकवून चेन ताणायची. त्यानंतर गेली तीन वर्षं सरकत्या ड्रॉपआउटची चालवतोय, ज्यात मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचांत बसतो त्या खाचाच सरकतात. चाकं तीच, फोर्क तोच, गिअरही बहुतेक वेळा 32 ला 20 (पुढे 32 दाते, मागे 20) हाच. मोजमापं मी घेतलेली नाहीत, पण बाकी सगळं सारखं असल्यामुळे फरक कशाचा आहे हे पायांना आणि कानांना नीट कळलं.

आधी थोडं गणित, कारण दोन्ही रचना त्यावरच उभ्या आहेत. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिलिमीटर असतं. एक आतली कडी, एक बाहेरची, असं आलटून पालटून जायचं असल्यामुळे चेन कमी-जास्त करायची तर एका वेळी 25.4 मिलिमीटरनेच करता येते. चेन वरून जाते तशी खालूनही येते, म्हणून क्रँक आणि एक्सलमधल्या अंतरात याचा अर्थ निम्मा, म्हणजे 12.7 मिलिमीटर. फ्रेमने एवढी जागा दिली की कुठल्याही दातांची जोडी बसते. मागचं कॉग (दातेरी चक्र) एका दाताने बदललं तर एक्सल साधारण 3.2 मिलिमीटर सरकवावा लागतो, दोन दातांसाठी त्याच्या दुप्पट. 20 वरून 18 वर जाणं म्हणजे सव्वासहा मिलिमीटरचा खेळ.

ही जागा मिळवायचे आणखी दोन मार्ग आहेत. डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) जागी लटकवायचा स्प्रिंगचा टेन्शनर गिअरच्या फ्रेमवर प्रयोग करून पाहायला ठीक. पण ज्या लोंबत्या यंत्रणेतून सुटण्यासाठी एक गिअर घ्यायचा तीच पुन्हा मागे लटकते, आणि रिजिड बाइकवर दगडांतून उतरताना ती सतत हलत राहते. मागे तोंड असलेले आडवे ड्रॉपआउट, जसे जुन्या सर्ली कराटे मंकीला होते, साधे आणि अतिशय मजबूत. मात्र डिस्क ब्रेक असेल तर एक्सल सरकला की रोटर (ब्रेकची चकती) कॅलिपरच्या (ती दाबणाऱ्या भागाच्या) तुलनेत सरकतो, आणि पंक्चर काढताना चेन उतरवून चाक मागे ओढून काढावं लागतं. चिखलात एकदा हे केलं की पुरे होतं.

उरतात हे दोघे.

एक्सेंट्रिकबद्दल मी मनापासून चांगलं बोलू शकतो. कल्पना टँडम सायकलींची आहे. तिथे पुढच्या आणि मागच्या क्रँकला जोडणारी चेन ताणायला पुढचा बॉटम ब्रॅकेट एका जाड गोल इन्सर्टमध्ये मध्यापासून बाजूला बसवतात. इन्सर्ट फिरवला की क्रँक पुढेमागे होतो. सिंगल-स्पीडमध्येही तेच. मागचं चाक साध्या उभ्या ड्रॉपआउटमध्ये बसतं, सेकंदात निघतं आणि परत बरोबर तिथेच बसतं. कॅलिपरला हात लावावा लागत नाही. चाक कधी तिरकं होत नाही, आणि उभं राहून चढ चढताना उजवी बाजू पुढे ओढली जाईल ही भीती नाही.

मोठ्या चाकांना याचा आणखी एक फायदा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. 29 इंची फ्रेममध्ये टायर आणि सीट ट्यूब यांच्यात मुळातच फार जागा नसते. एक्सेंट्रिकमध्ये एक्सल हलतच नाही, त्यामुळे टायरभोवतीची जागा कायम तेवढीच राहते. 2.6 इंची टायर बसला तर तो प्रत्येक गिअरला बसतो. सरकत्या ड्रॉपआउटमध्ये एक्सल अगदी पुढे आणला की हीच जागा आवळते. माझ्या आताच्या फ्रेमवर 2.6 चा टायर मागच्या अर्ध्या भागातच मोकळा फिरतो, म्हणून मी मागे 2.4 लावतो. रिजिड बाइकवर टायर हेच सस्पेन्शन, त्यामुळे ही तडजोड मला जाणवते.

एक्सेंट्रिकची छोटी अडचण म्हणजे इन्सर्ट फिरला की क्रँक वरखालीही होतो. तोच ताण दोन जागी मिळतो, एकदा वर आणि एकदा खाली. मी वरचीच जागा धरायचो, पेडल दगडाला कमी लागतं. पण कॉग बदललं की सीटची उंची चार-पाच मिलिमीटरने पुन्हा लावायची. गुडघे संवेदनशील असतील तर हे विसरून चालत नाही.

आता आवाजाकडे येतो, कारण माझा निर्णय तिथेच झाला.

रिजिड सिंगल-स्पीड चालवणाऱ्याला तिच्यात काय आवडतं हे एका शब्दात सांगायचं तर शांतता. डिरेलरची खडखड नाही, चेन फ्रेमवर आपटत नाही, फोर्कमधून तेलाचा चुळचुळाट नाही. फक्त टायरखालची माती आणि आपला श्वास. अशा बाइकवर बारीकसा आवाजही लपत नाही. माझ्या बाइकला सहाव्या महिन्यात तो सुरू झाला. उजवा पाय खाली जाताना एक कोरडी ‘कट्’. फक्त चढावर, फक्त उभं राहून जोर लावला की.

मी पेडल काढून ग्रीस लावलं. सीटपोस्ट पुसला. चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चक्राचे) बोल्ट एकेक करून कसले. हेडसेट उघडला. स्टँडवर बाइक टांगून क्रँक फिरवला तर काहीच नाही, अगदी निवांत. शेवटी इन्सर्ट बाहेर काढला तेव्हा उत्तर मिळालं. ग्रीस आणि बारीक धूळ यांचा राखाडी लगदा झाला होता आणि ॲल्युमिनियमवर घासल्याच्या चकाकत्या रेषा होत्या. स्टीलच्या शेलमध्ये (फ्रेमच्या नळीत) ॲल्युमिनियमचा इन्सर्ट केसभर सैल असला तरी पुरतं. गिअरच्या बाइकवर आपण हलका गिअर घेऊन भरभर पाय मारतो. इथे मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्यांनी, अख्ख्या अंगाचं वजन टाकून, पेडल ढकलतो. तो सगळा पीळ याच सांध्यातून जातो.

साफ केलं, नवीन ग्रीस भरलं, आवाज गेला. तीन-चार राइड बरी गेली, मग एक ओली राइड झाली आणि तो परत आला. नंतर अँटी-सीझ लावून पाहिलं, प्लंबरची पांढरी टेपही गुंडाळून पाहिली. टेपने सगळ्यात जास्त दिवस काढले. पण माझा इन्सर्ट खालून दोन ग्रब स्क्रूने (डोकं नसलेल्या स्क्रूने) दाबून धरायचा होता, आणि त्या स्क्रूंनी मऊ धातूत खळगे पाडले. चेन थोडी सैल झाली म्हणून इन्सर्ट जरासा फिरवावा, तर स्क्रू घसरून पुन्हा जुन्याच खळग्यात जाऊन बसायचा. म्हणजे ताण एकतर जास्त किंवा कमी, मधला मिळेना. मला वाटतं मी त्या वर्षी बाइक चालवली त्याच्या निम्मा वेळ तिच्या पोटात डोकावण्यात घालवला.

सगळे एक्सेंट्रिक असे नसतात, हे सांगायलाच हवं. शेल चिरलेला असतो आणि बोल्टने आवळला जातो, अशी एक रचना आहे. मित्राची तशी बाइक मी बरेचदा चालवली आहे, ती माझ्यापेक्षा कितीतरी शांत होती. आतून फुगून बसणारे पाचरीचे इन्सर्टही येतात, त्यांचे खळगे पडत नाहीत. कोरड्या, कमी धुळीच्या वाटांवर चालवणाऱ्याला कदाचित माझ्यासारखा त्रास कधीच होणार नाही. टँडमवरही हीच रचना निमूट काम करते, पण तिथे चेन एकदा ताणली की महिनोन्‌महिने कुणी हात लावत नाही. मी मात्र सपाट वाटेला 18 आणि चढाला 20 असं कॉग बदलत राहतो.

सरकत्या ड्रॉपआउटमध्ये एक्सल आणि कॅलिपर एकाच प्लेटवर असतात, म्हणून ब्रेकची जुळणी टिकते. दोन बोल्ट सैल करायचे, मागच्या बारीक स्क्रूने प्लेट हवी तेवढी ढकलायची, बोल्ट आवळायचे. पंक्चर झालं तर चाक सरळ खाली निघतं, ताण जसाच्या तसा राहतो. पहिल्या काही वेळा चाक तिरकं बसतं, कारण दोन्ही बाजू सारख्या सरकवणं हाताला यावं लागतं. मी दोन्ही स्क्रूंच्या फेऱ्या मोजतो, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. बोल्ट कोरडे राहिले तर इथेही कुरकुर होते, पण ती बाहेर, डोळ्यांसमोर असते. एक ॲलन की आणि बोटभर ग्रीस यात मिटते.

दोन्हींना लागू पडणारी एक गोष्ट: ताण तपासताना क्रँक पूर्ण फिरवा. चेनरिंग अगदी गोल बसलेली नसते, एका जागी चेन घट्ट होतेच. तिथे मधोमध वरखाली सुमारे 12 मिलिमीटर हलली पाहिजे. ती सगळीकडे ताठ केली तर बेअरिंग झिजतात. शिवाय ताठ चेनलाही स्वतःचा एक आवाज असतो.

वापरलेली एक्सेंट्रिक फ्रेम चांगली मिळत असेल तर नुसत्या या लेखामुळे सोडू नका. इन्सर्ट बाहेर काढून दाखवायला सांगा आणि स्क्रूच्या जागी खळगे किती खोल आहेत ते बोटाने पाहा. तुम्हाला मोठा टायर हवा असेल आणि कॉग बदलायचा नसेल, तर ती तुमच्यासाठी कदाचित जास्त योग्य आहे. सरकते ड्रॉपआउट घेत असाल तर तुमच्या हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मापाच्या प्लेट मिळतात का ते आधी विचारा. 135, 142 की 148 मिलिमीटर, प्रत्येकाची प्लेट वेगळी असते. काही रचनांत ती पुढे बदलता येते, आणि हब बदलला तरी फ्रेम हातची जात नाही.