राजगड–तोरणा–रायगड की रतनगड–हरिश्चंद्रगड? चार दिवस हातात असतील तर

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या सहा जणांत दरवर्षी एकच विषय निघतो: या हिवाळ्यात कुठे? एका दिवसाचे गड बहुतेक सगळे करून झालेत. हिमालयासाठी दहा-बारा दिवसांची रजा सहाही जणांना एकदम कधीच मिळत नाही. तीन मुक्काम, पाठीवर घरदार आणि सलग पायपीट एवढं जमणार असेल, तर सह्याद्रीत फिरून फिरून दोन नावांवरच गाडी येते. एक म्हणजे राजगड–तोरणा–रायगड आणि दुसरं म्हणजे रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगड.

हे दोन्ही मी त्याच पाच मित्रांबरोबर केले. सगळे चाळिशीच्या आगेमागे, कुणी फार तयारीचा नाही आणि कुणी अगदीच नवखा नाही. त्यामुळे तुलना करायचा थोडा अधिकार आहे असं समजतो. उंची, अंतर, कुठल्या गावातून चढायचं ही माहिती तुमच्याकडे असणारच, ती पुन्हा देत नाही.

आधी राजगड–तोरणा–रायगडाबद्दल, कारण आम्ही आधी तोच केला आणि त्याचं मोल मनापासून सांगायला हवं. स्वराज्याच्या पहिल्या राजधानीवरून निघून दुसऱ्या राजधानीत पोहोचायचं, तेही पायी, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले आणि बारा राहिले. राजगड, तोरणा, लिंगाणा आणि रायगड हे चारही त्या राहिलेल्या बारांत होते. या वाटेवर तुम्ही तिघांवर पाय ठेवता आणि चौथा डोळ्यांसमोर उभा राहतो. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी पायाखाली घालत अळू दरवाजातून बाहेर पडलं आणि समोर तोरण्याची बुधला माची दिसली, तेव्हा आमच्यातला एरवी बडबडा असलेला एक जण बराच वेळ काही बोलला नाही.

ती राजगड–तोरण्यामधली धार मात्र अंगावर येते. सावली नाही, पाणी नाही, आणि वेल्हे–भुतोंडे रस्त्याच्या खिंडीत उतरून पुन्हा चढायचं. सकाळी साडेसहाला पद्मावती माची सोडली तरी बुधल्याखालच्या कातळटप्प्यापर्यंत डोक्यावर ऊन आलंच. माणशी चार लिटर पाणी घ्या. आम्ही तीन घेतलं होतं आणि शेवटचा तास घोट मोजत काढला. तरीही त्या दिवसाबद्दल माझी तक्रार नाही. दमलो, पण सहाही जण एकत्र दमलो.

माझी अडचण तिसऱ्या दिवसाची आहे.

तोरणा उतरून पश्चिमेकडे मोहरी गावाला जायचं. जुन्या लोकांकडून ऐकलं होतं की हा भाग म्हणजे रानातल्या पायवाटा, मधून मधून दोन-चार घरांच्या वाड्या, ताक विचारणारे म्हातारे. वाड्या आहेत, ताकही मिळालं. पण आता मोहरीपर्यंत गाड्या जातात. गावांना रस्ता मिळाला हे चांगलंच झालं, त्याबद्दल कुणीही ट्रेकरने नाक मुरडू नये. पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून डोंगर उतरवायची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांना विचारा. मी फक्त पाठीवर बारा किलोंची सॅक घेऊन त्याच रस्त्यावरून तासन्‌तास चालणाऱ्याच्या बाजूने बोलतोय. पायवाटा शोधून काही वळणं तोडता येतात, पण वाट फिरून पुन्हा रस्त्यावरच येते. त्यात आमचा तो दिवस शनिवार होता. लिंगाण्याला जाणाऱ्या गटांच्या गाड्या एकामागून एक येत होत्या आणि प्रत्येक गाडीनंतर धुळीत उभं राहायचं.

धुळीचंही एवढं काही नाही. खरं नुकसान रस्त्याने दुसरंच केलं. पायवाटेवर माणसं एकामागे एक चालतात, पुढचा थांबला की मागचा आपोआप थांबतो. रस्ता रुंद, चुकायची भीती नाही, मग प्रत्येक जण आपापल्या वेगाने चालू लागतो. दुपारी एकपर्यंत आमच्यातले दोघे पुढे दिसेनासे झाले होते, दोघे मध्ये होते, आणि टाचेला फोड आलेला एक जण आणि मी सगळ्यांत मागे. तेवढ्यात एक रिकामा पिकअप आला. चालक भला माणूस होता, म्हणाला, "बसा दादा, मोहरीला सोडतो." फोडवाल्याला बसवणं बरोबरच होतं. पण पुढे जाऊन तो पिकअप मधल्या दोघांजवळही थांबला, आणि तेही बसले.

संध्याकाळी मी मोहरीत पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता. पुढे गेलेले दोघे दीड-दोन तासांपूर्वीच आले होते. बसून आलेले तिघे अंघोळ करून, चहा पिऊन, अंगणात गप्पा मारत होते. कुणी कुणाला काही बोललं नाही. जेवताना एकाने "आम्ही चालत आलो" एवढंच म्हटलं, आणि त्यानंतर पिठलं-भाकरी खाल्ल्याचाच काय तो आवाज. दुसऱ्या दिवशी रायलिंगच्या पठारावरून लिंगाणा बघितला, सिंगापूरच्या नाळेतला, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतला, घसारा एकमेकांचे हात धरून उतरलो, दापोली, वारंगी करत काळ नदीच्या खोऱ्यातून रायगडाच्या पायऱ्यांशी पोहोचलो. जगदीश्वरासमोर सगळे एका रांगेत बसलो. तिथपर्यंत बरंचसं निवळलं होतं, तरी "तू पिकअपमधून आलास" हे वाक्य आमच्यात अजून निघतं आणि निघालं की मला वाईट वाटतं.

आता दुसरी बाजू.

रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन घ्यायचं, कोरीव खांबांवरून हात फिरवायचा आणि रतनगडाकडे निघायचं. त्याच वाटेवर हरिश्चंद्रगडाकडे जाणारा फाटा लागतो. आम्ही पहिला दिवस रतनगडाला दिला. शिड्या चढून गुहेत सामान टाकलं आणि संध्याकाळी नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात, जाऊन बसलो. वारा इतका की बोललेलं ऐकू येत नाही. एका बाजूला अलंग-मदन-कुलंग आणि मागे कळसूबाई, दुसरीकडे भंडारदऱ्याचं पाणी. प्रवरा नदी याच डोंगरात उगम पावते हे शाळेत वाचलेलं असतं, तिथे बसल्यावर ते पटतं. शिड्यांवरच्या माकडांपासून खाऊच्या पिशव्या सांभाळा, एवढीच त्या दिवसाची काळजी.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर परत येऊन कात्राबाईकडे वळलो आणि दहा मिनिटांत जंगलाने आम्हाला आत घेतलं. झाडी दाट आहे, वाट एका माणसापुरती. मध्ये मध्ये ढोरवाटा फुटतात आणि मुख्य वाटेपेक्षा त्याच ठळक दिसतात. रतनवाडीतून एका काकांना वाटाड्या म्हणून कुमशेतपर्यंत बरोबर घेतलं होतं. तुम्हीही घ्या, पैसे वाचवायची ही जागा नव्हे. काकांनी निघतानाच सांगितलं, "जो सगळ्यांत हळू चालतो, तो माझ्या मागं." म्हणजे टाचेवाला पहिला आला आणि सगळ्यांत दणकट गडी शेवटी. त्या एका वाक्याने दिवस बदलला. सहाही जण त्याच्या पावलाने चालत होतो आणि कुणालाही घाई वाटत नव्हती. खिंडीखालची चढण संपून कात्राबाई देवीच्या ठाण्याशी पोहोचलो तेव्हा शेवटचा माणूस पहिल्याच्या मागोमाग, दोन मिनिटांत आला. मोहरीच्या रस्त्यावर हेच अंतर दीड-दोन तासांचं झालं होतं. मोजमाप म्हणून माझ्याकडे एवढंच आहे.

खिंडीतून पलीकडे पाहिलं की कुमशेतचं खोरं आणि त्यामागे आजोबाचा डोंगर. उतार सुरुवातीला जरा उभा आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरात निसरडाही असतो, म्हणून नोव्हेंबर उजाडेपर्यंत थांबलेलं बरं. कुमशेतला एका घरात उतरलो. मावशींनी नागलीच्या भाकरी थापल्या, हुलग्याचं पिठलं केलं, आणि "सहा जण ना, मग अजून चार टाकते" म्हणत परत चुलीपुढे बसल्या. आम्ही ओट्यावर ओळीने बसून जेवलो. फोनला रेंज नव्हती. काहींना हा तोटा वाटेल. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर तो तोटा आहेच, तेव्हा निघण्यापूर्वी घरच्यांना वार आणि गावं लिहून द्या. कुमशेतला रस्ता आहे, काही झालंच तर तिथून राजूरला गाडीने निघता येतं. म्हणजे रस्ता इथेही आहे. फरक इतकाच की तो मुक्कामाला भेटतो, दिवसभर सोबत चालत नाही.

तिसऱ्या दिवशी मुळा नदीचं पात्र ओलांडून, पेठेच्या वाडीवरून पाचनई आणि तिथून हरिश्चंद्रगड. या टप्प्यात थोडं गाडीरस्त्याचं चालणं आहे हे लपवत नाही, पण ते इतकं कमी की कुणी कुणाला मागे टाकायच्या आत पुन्हा कातळाच्या पोटाखालची वाट सुरू होते.

हरिश्चंद्रगडावर एक गोष्ट तुमचा सगळा आनंद घालवू शकते: शनिवारची रात्र. कोकणकड्यावर तंबूंची वस्ती, मोठ्याने लावलेली गाणी आणि सकाळी मागे राहिलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. गुरुवारी निघालात तर नेमक्या शनिवारी तिथे पोहोचाल. आम्ही रजा वेगळी मागितली आणि रविवारी निघालो. रविवारी रतनगड, सोमवारी कुमशेत, मंगळवारी हरिश्चंद्रगड. त्या संध्याकाळी कोकणकड्यावर आमच्याशिवाय एक जोडपं आणि दोन गुराखी होते. आत वळलेल्या कड्याच्या कडेला पालथे पडून सहाही जण खाली कोकणात दिवे लागताना बघत होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे केदारेश्वराच्या गुहेत, त्या बर्फासारख्या पाण्यात सगळे कमरेइतके उतरलो. टाचेवाला सगळ्यांत आधी उतरला.

घरी परतण्याचंही बघून ठेवा, कारण चौथ्या दिवशी अंगात त्राण नसतं. टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरलं की खुबी फाटा जवळ आहे. तो कल्याण–नगर महामार्गावर असल्यामुळे कल्याणकडे किंवा आळेफाट्याकडे एसटी मिळते. रायगडावरून पुण्याला यायचं तर आधी महाड गाठा, मग वरंधा घाट सुरू आहे का ते विचारा, नाहीतर माणगाववरून ताम्हिणी. आम्हाला पोहोचायला रात्रीचे साडेबारा वाजले होते. मुंबईकरांना रायगडावरून परतणं तेवढं जड जात नाही, त्यांनी माझा हा मुद्दा सोडून द्यावा.

आणखी एक. राजगड आणि रायगड दोन्ही जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. राजगडावर रात्री राहता येईल की नाही, हे निघण्याच्या आठवड्यात पायथ्याच्या गुंजवण्यात फोन करून विचारूनच ठरवा. रतनगड आणि हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहेत, तिथे प्रवेशाची पावती फाडावी लागते आणि जंगलात चूल पेटवू नये.

तर तुमच्यापैकी निवड कुणी कशी करावी? गटातले सगळे एका दमाचे असतील, आणि राजांच्या वाटेने चालायची ओढ असेल, तर राजगड–तोरणा–रायगड नक्की करा. कदाचित आडवारी तो रस्ता तुम्हाला माझ्याइतका खुपणारही नाही. आमचा वार चुकला होता, हे मान्य करतो. पण गटात एक जण जरी हळू चालणारा असेल, किंवा वर्षभर न भेटलेले मित्र चार दिवस एकत्र राहायला निघाले असतील, तर मी रतनवाडीला गाडी वळवेन.

राजगड–रायगड सोडवत नसेल तर तो तोडून करा, असं आता मी सांगतो. राजगड–तोरणा दोन दिवसांत करून वेल्ह्याला उतरायचं आणि घरी यायचं. मोहरी ते रायगड पुढच्या खेपेला, थेट मोहरीपर्यंत गाडीने जाऊन. मधला रस्ता चालायचाच नाही, म्हणजे कुणी पिकअपमध्ये बसायचा प्रश्नच येत नाही. आमचा टाचेवाला येत्या जानेवारीत तो दुसरा तुकडा करू म्हणतोय आणि मी हो म्हटलंय. डिसेंबरचे चार दिवस मात्र कुमशेतच्या मावशींना आधीच कळवून झालेत, रविवार ते बुधवार.