तयार फ्लोअर पॅन: पत्रा दणकट, कडा मात्र ताडून पाहाव्यात

गंजून चाळण झालेला जुन्या मोटारीचा तळ बदलण्यासाठी घेतलेला हा तयार फ्लोअर पॅन 1 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा असून, त्यावरील उभार मूळ पत्र्यासारखेच ठसठशीत असल्यामुळे तो पायाखाली दबत नाही. गिअरबॉक्सच्या बाजूची कड मात्र थोडी जास्त येते. जुना पत्रा कापण्यापूर्वीच ती ताडून पाहावी, कारण नंतर फटी भरत बसणे म्हणजे निव्वळ मनस्ताप. वरचा काळा लेप साठवणुकीपुरताच समजावा. जोडाच्या जागी तो घासून काढल्यावरच वेल्डिंग नीट धरते (जस्तयुक्त प्रायमर लावायचा तो जोडाच्या आत गंज धरू नये म्हणून), आणि तेही सलग न करता तुटक टाके घेत केल्यास पत्रा वाकत नाही. निचऱ्याच्या छिद्रांसाठी रबरी बुचे मात्र सोबत दिलेली नाहीत, ही कंजुषी खटकते.