दुरुस्त केलेला जुना टू-इन-वन: आठ महिने वापरल्यावर

गेल्या आषाढात घरचा जुना टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेटचा टेप एकत्र असलेलं मशीन) बेळगावात, शहापूरच्या एका मेकॅनिककडून दुरुस्त करून घेतला. आता होळी तोंडावर आली आहे. मधल्या काळात साठेक कॅसेट त्यावर ऐकल्या आणि लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. अशी ट्रंकभर कॅसेट घरात असणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. ट्रंकेत गावच्या मंडळाची भजनं होती, कार्तिकातली काकडआरती होती आणि सगळ्यांत मोलाच्या म्हणजे आत्याच्या जात्यावरच्या ओव्या, याच मशीनवर भरलेल्या. त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

आधी मी नवा प्लेअर मागवला होता. ब्लूटूथ, यूएसबी, सगळं त्यात होतं. पण पेटीचा लांब सूर लागला की तो पाण्यावर हलल्यासारखा डुलायचा. झाकण उघडून पाहिलं तर आतलं फ्लायव्हील, म्हणजे वेग सारखा ठेवणारं चाक, एवढं हलकं, की बोटाने फिरवलं तर लगेच थांबायचं. चार दिवसांत परत पाठवला. टेप घेताना वॅट आणि बटणं बघण्यात अर्थ नाही, आतली चाकं बघावीत, हे मला तेव्हा कळलं.

फीत ओढली जाते ती रिळाने नव्हे. रीळ भरत जातं तसा त्याचा घेर वाढतो, म्हणून रिळाने ओढली तर शेवटी शेवटी फीत जास्त वेगाने धावेल. खरं काम करते ती कॅप्स्टन नावाची बारीक पोलादी सळई. तिच्यावर रबराचा पिंच रोलर दाबून बसतो आणि दोघांच्या चिमटीतून फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या एकाच वेगाने सरकते. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली तेव्हाचा हा वेग, म्हणून कुणाचीही कॅसेट कुणाच्याही मशीनवर वाजते. सळई २ मिलिमीटर जाड धरली तर सेकंदाला साडेसात फेऱ्या होतात. ती शतांश मिलिमीटरने जरी मध्यापासून सरकली, तरी वेग एक टक्का वरखाली होतो आणि भजनातला लांब सूर ते लगेच दाखवून देतो. सळईच्या दुसऱ्या टोकाला जड फ्लायव्हील असतं. मोटारीचे बारीक झटके ते पोटात घेतं. आमच्या जुन्या मशीनचं फ्लायव्हील धातूचं आहे, बोटाने फिरवलं तर बराच वेळ फिरत राहतं.

दुरुस्तीला नेलं तेव्हा मोटार फिरत होती, पण कॅसेट हलत नव्हती. आतल्या बेल्टचं डांबर झालं होतं, पुलीला आणि फ्लायव्हीलला काळं चिकट लागलेलं. मेकॅनिकअण्णांनी स्पिरिटने ते कापसाचे बोळे घेऊन घेऊन पुसलं. मग दोऱ्याने पुली ते फ्लायव्हील असा पूर्ण वेढा मापला आणि त्याहून थोडा आखूड बेल्ट घातला. मी म्हटलं, अजून घट्ट बसवा की. तर म्हणाले, "ताणून बसवू नको गा. मोटार तापते, बुश झिजतात." पिंच रोलर कडक झाला होता, तोही बदलला. भरणाऱ्या रिळाखालचा फेल्टचा क्लचही तपासला, कारण तो ढिला पडला की कॅप्स्टनमधून आलेली फीत कुणी ओढून घेत नाही आणि रोलरभोवती गुंडाळते. टेप कॅसेट खाते म्हणतात ते हेच.

घरी आणून आत्याला ओव्या ऐकवल्या. दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, "हा आवाज माझा न्हवं गा. बारक्या पोरीगत वाटुलाय." मला फरक कळला नव्हता, तिला कळला. म्हणून मोजून पाहायचं ठरवलं. एका टाकाऊ कॅसेटमधला, गाणं भरलेल्या फितीचा बरोबर ४ मीटर ७६ सेंटीमीटरचा तुकडा कापला, दोन्ही बाजूंना कोरी पांढरी लीडर फीत जोडली. वेग बरोबर असेल तर आवाज सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत १०० सेकंद लागायला हवेत. लागले ९७. तीन टक्के जलद म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या सुरांमधलं जवळजवळ निम्मं अंतर. अण्णांनी कारण सांगितलं: नवा बेल्ट जुन्यापेक्षा जाड, त्यामुळे मोटारीच्या बारीक पुलीचा घेर वाढल्यासारखा होतो. मोटारीच्या मागच्या भोकातून बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून आतला वेगाचा स्क्रू किंचित फिरवला. चौथ्या खेपेला १०० वर आलं. आत्या त्या दिवशी पूर्ण कॅसेट ऐकत बसली, मध्येमध्ये ओठ हलत होते तिचे.

आमच्याकडचा पाऊस हा या मशीनचा खरा शत्रू. ट्रंकेतल्या कॅसेटवर पांढरी बुरशी होती. अशी कॅसेट थेट लावू नका. आधी कवच उघडून फीत कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या, मग एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत ६० वालीपेक्षा पातळ, तिथे जास्त जपावं लागतं. बाहेरून आलेल्या कॅसेट दबलेल्या आवाजात वाजल्या तर हेडच्या (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या) बाजूचा स्क्रू अगदी थोडा फिरवून टाळांचा आवाज स्वच्छ येतोय का पाहतो. आमच्या स्वतःच्या कॅसेटना त्याची गरज पडली नाही.

आणि लाईटचं. श्रावणात आमच्याकडे लाईट दिवसातून चार वेळा जायची. या मशीनची बटणं पूर्ण यांत्रिक, प्ले दाबलं की हेडची पट्टी आणि रोलर पुढे सरकून अडकतात. लाईट गेली तरी ते तसेच राहतात. रात्रभर रोलर सळईवर दाबून राहिला तर रबराला खड्डा पडतो आणि मग प्रत्येक फेरीला आवाज हिसका देतो. म्हणून लाईट गेली की आधी स्टॉप, मग मेणबत्ती, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

दर दहा कॅसेटनंतर हेड, कॅप्स्टन आणि रोलर पुसतो, तपकिरी भुकटी निघतेच. मोटारीची घरघर शांत खोलीत जाणवते, पण लॅपटॉपवर उतरवलेल्या आवाजात येत नाही. फीत संपली की प्ले आपोआप सुटतो, रिवाइंड मात्र सुटत नाही, तिथे थांबून राहावं लागतं. रेडिओवर सांगली केंद्र स्वच्छ लागतं, त्याबद्दल एवढंच.

थंडी पडल्यापासून रिवाइंड मात्र अडखळतोय. साठ मिनिटांची कॅसेट शेवटाकडे आली, भरलेलं रीळ जड झालं, की रिळाला फिरवणाऱ्या चाकाचं रबर घसरतं. अण्णांना दाखवलं. त्या मापाचं रबर मिळालं की पाडव्यानंतर बसवू म्हणाले. तोवर मागे फिरवायला पेन्सिल आहे, आणि ते काम आत्याने स्वतःकडे घेतलंय.